हात मागे बांधून शिकवायचं: मोठ्यांच्या वर्गावर नव्याने येणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात आमच्या वर्गावर दोन नवीन मुली शिकवायला आल्या, दोघी बीएड, एकदम उत्साही, आणि दुसऱ्याच आठवड्यात एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, ताई माझं काही चुकतंय का, त्या मावशी परवा मधेच उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून काढतेय, कारण दरवर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं आणि मी दरवर्षी तेच पुराण लावते.

आमचा वर्ग म्हणजे नवी मुंबईत कोपरखैरण्यातल्या एका समाजमंदिराचा हॉल, संध्याकाळी साडेसात ते नऊ, आठवड्यातून चार दिवस. येणारे कोण, तर माथाडी काम करणारे, त्यांच्या बायका, घरकाम करणाऱ्या मावश्या, टीटीसी एमआयडीसीतल्या कारखान्यांतले हेल्पर, दोन रिक्षावाले, ब्लाउज शिवणारी एक ताई, एक गवंडी, एक फॅब्रिकेशनवाला. वय २२ पासून ६७ पर्यंत. कुणाला मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकायचंय, कुणाला सही करायला, कुणाला १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसून, दहावी काढायचीय. म्हणजे एका खोलीत चार वर्ग. मी इथे आठ वर्षं शिकवतेय आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी सरळसरळ चुकीचं शिकवलं, हे आधीच कबूल करून टाकते.

आधी लर्निंग स्टाइलचं भूत उतरवा

नवीन आलेला माणूस हमखास एक प्रश्नावली घेऊन येतो. तुम्ही पाहून शिकता, ऐकून शिकता, वाचून शिकता की करून शिकता, त्यावर टिक करा. याचं मूळ नील फ्लेमिंग नावाच्या न्यूझीलंडच्या शिक्षकाच्या व्हार्क प्रश्नावलीत आहे, ती १९८७ सालची, आणि बीएडला हे इतकं घोकून घेतात की मुलांना वाटतं हा निसर्गनियमच आहे. आमच्याकडे एकाने ती मराठीत करून वाटली होती, तर एका काकांनी चारही चौकटींत टिक केली आणि वर विचारलं, यातलं एकच घ्यायचंय का, बाकीचे पैसे पडणार?

हसू नका, काकांचंच बरोबर होतं. २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं सगळं संशोधन चाळून बघितलं, की ज्याची जी स्टाइल त्याला त्याच पद्धतीने शिकवलं तर खरंच जास्त येतं का. त्यांना तसा धड पुरावा सापडला नाही. लोकांना आवड असते हे खरं, मलाही व्हिडिओ बघायला आवडतात, पण आवडीची पद्धत म्हणजे जास्त येणारी पद्धत असं काही नाही.

मग पद्धत ठरवायची कशावरून? जे शिकवायचंय त्यावरून. ठाणे स्टेशनच्या कुठल्या जिन्याने ट्रान्स हार्बरच्या लोकलच्या प्लॅटफॉर्मला जायचं हे चित्र काढून दाखवायला लागतं, ते तोंडी सांगून कुणाच्या डोक्यात शिरणार नाही, इंग्रजीचा उच्चार कानानेच येणार आणि फोनवर बोट कसं टेकवायचं ते बोटानेच. आणि दाखवणं, बोलणं, करून घेणं या तिन्ही गोष्टी सगळ्यांच्याच वाट्याला आल्या पाहिजेत, मावशींना तुम्ही ऐकणाऱ्या गटातल्या म्हणून फळ्यापासून लांब बसवायचं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पण याचा अर्थ सगळ्यांना एकाच मापाने शिकवा असाही नाही बरं का. फरक करायचाच, फक्त तो भलतीकडे शोधू नका. माझ्या मते नवीन माणसाबद्दल चार गोष्टी कळल्या की झालं: तो कशासाठी आलाय, त्याच्या हाताला कुठलं काम येतं, दिवसभरात त्याला उसंत कधी मिळते, आणि त्याला लाज कशाची वाटते. यातली शेवटची सगळ्यात उशिरा कळते आणि वर्ग सोडून जाणारे बहुतेक तिच्यापायी जातात.

पहिली पायरी: पहिल्या दिवशी शिकवूच नका

खरंच सांगते. चहा ठेवा, गप्पा मारा. आणि सगळ्यांसमोर "कितवीपर्यंत शिकलात" हे अजिबात विचारू नका. आपल्याला तो साधा फॉर्ममधला रकाना वाटतो पण समोरच्याला तो आयुष्यभर चुकवलेला प्रश्न असतो. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात कुठलं काम कागदापायी नाहीतर मोबाईलपायी अडलं?" बघा मग कशा गप्पा सुरू होतात. गॅसचं बुकिंग दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं, रेशनच्या केवायसीचा मेसेज आलाय पण तो खरा की खोटा कळेना, मुलाच्या शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे त्यावर बाई काहीतरी टाकतात आणि मग पोरगा रडतो की उद्या चार्ट पेपर न्यायचा होता, एनएमएमटीच्या बसवरची पाटी पळती असते ती वाचून होईपर्यंत बस निघून जाते. ही यादी म्हणजेच तुमचा अभ्यासक्रम. मी एक दोनशेपानी वही ठेवते, माणशी एक पान, वर नाव, खाली अडलेलं काम, ते सुटलं की त्यावर रेघ मारायची. रेघ शक्यतो त्यांच्याच हातून मारून घ्यायची.

हाक काय मारायची हाही मोठा विषय आहे. तुम्ही पंचवीस वर्षांचे आणि समोर साठीचे माथाडी, तर काका किंवा मामा ठीक, पण पस्तीस-अडतीसच्या बाईला मावशी म्हणालात तर ती तोंडावर काही बोलणार नाही, मनात मात्र धरेल. ताई म्हणा, ताईने कुणी दुखावत नाही. तुम्हाला ते मॅडम किंवा सर म्हणतील, म्हणू द्या. मी सुरुवातीला हट्ट केला होता की मला नावाने हाक मारा, त्याने ते लोक उलटे अवघडले, एका आजोबांनी तर मला हाकच मारणं बंद केलं, नुसतं "ओ" म्हणायचे.

बोलीवरून टोकू नका. घणसोली-कोपरखैरण्यातल्या आगरी घरातली बाई "मना नाय समाजलं" म्हणाली तर तिला समजलं नाही एवढंच ऐकायचं, तिथे "मला" शिकवत बसायचं नाही. दहावीच्या पेपरात प्रमाण भाषा लागते, ती पेपरापुरती वेगळी शिकवा.

आता ती लाजेची गोष्ट. माझ्या दुसऱ्या वर्षी एक काका यायचे, पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, वही एकदम टापटीप. मी फळ्यावर लिहिलेलं वाचायला सांगितलं की म्हणायचे, मॅडम चष्मा घरी राहिला. मी म्हणायचे बरं. असं तीन आठवडे चाललं आणि चौथ्या आठवड्यात मी हसत हसत सगळ्यांसमोर म्हटलं, काका उद्या चष्मा गळ्यात बांधून या. लोक हसले, काकाही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. त्यांच्या शेजारच्यांकडून नंतर कळलं की काकांना चष्माच नव्हता, त्यांना अक्षरच येत नव्हतं, वहीतलं सगळं ते समोरच्याच्या वहीतून चित्र काढल्यासारखं उतरवत होते. मी दोनदा निरोप पाठवला. नाही आले.

तेव्हापासून माझ्या वर्गात "चष्मा राहिला", "आज डोकं दुखतंय", "तुम्हीच वाचा ना मॅडम, तुमचा आवाज छान आहे" ही वाक्यं ऐकली की मी गप्प राहते आणि वहीत त्या पानावर एक टिंब ठेवते. तीन टिंबं झाली की त्या माणसाला वर्ग सुटल्यावर खुर्च्या आवरायला थांबवायचं, आणि खुर्च्या आवरता आवरता, तोंडाकडे न बघता विचारायचं. मोठ्याने वाचायला तर पहिले दोन महिने कुणालाच सांगू नका. सगळ्यांनी मिळून एका सुरात वाचायचं, त्यात ज्याला येत नाही तोही तोंड हलवतो आणि हळूहळू त्याला येतं.

दुसरी पायरी: हातातल्या कामावरून धडा उचला

प्रौढशिक्षणावर लिहिणारा माल्कम नोल्स नावाचा एक अमेरिकन होता, त्याच्या म्हणण्याचं सार एवढंच की मोठा माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही, अनुभव घेऊन येतो, आणि जे शिकवताय ते आज उपयोगी आहे का हे तो आधी बघतो. हे वाक्य ट्रेनिंगमध्ये सगळे ऐकतात आणि वर्गात येऊन परत अ अननसाचा सुरू करतात.

आमच्या फॅब्रिकेशनवाल्या दादाचं उदाहरण सांगते. तो १७ नंबरने दहावीला बसणार होता आणि अपूर्णांकाला पार घाबरलेला. फळ्यावर १/४ अधिक ३/८ लिहिलं तर त्याने उत्तर काढलं ४/१२, वरच्यात वरचे मिळवले आणि खालच्यात खालचे. अशी चूक चौथीतली पोरंही करतात, त्यावर आपण लसावि घेऊन बसतो. मी त्याला विचारलं, दादा तुमच्या टेपवर एक इंचाचे सूत किती? आठ. मग पाव इंच म्हणजे किती सूत? दोन. दोन सुतांत तीन सूत मिळवले? पाच सूत, म्हणाला, आणि मग फळ्याकडे बघतच राहिला. ५/८. ग्रिलचं माप घेताना हा माणूस रोज छेद समान करत होता, फक्त त्याला ते अपूर्णांक आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा वर्गात एक इंची टेप ठेवाच. गवंडी, सुतार, शिलाईवाली ताई, सगळ्यांची भाषा त्याच्यावर आहे. शिवाय आपल्या मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आहेत, मोठी माणसं ते रोज वापरतात. पावणेदोन किलो म्हणजे किती हे भाजीवालीला विचारा, ती तुमच्या आधी सांगेल. तिला फक्त पाऊण कसा लिहितात ते शिकवायचं, पाऊण म्हणजे काय ते तिच्याकडून आपण शिकायचं.

टक्केवारीचंही तसंच. टक्के म्हटलं की चेहरे पडतात, शेकडा म्हटलं की खुलतात. आमच्याकडे एक ताई एपीएमसीच्या घाऊक बाजारातून पालेभाजी आणून सेक्टरमध्ये विकतात, कोथिंबीर शेकड्याच्या भावाने घेतात, ८०० रुपये शेकडा म्हणजे जुडी ८ रुपयांना पडली, २० जुड्या सडक्या निघाल्या तर उरलेल्या ८० जुड्यांवर ८०० वसूल करायचे म्हणजे जुडी १० ला पडली, हे सगळं त्या चालता चालता करतात. हे टक्केच आहेत हो.

आणि यातूनच व्याज. हा धडा कुठल्याही बॅचला चुकवू नका. एक मावशी सांगत होत्या, बँक १२ टक्के घेते म्हणतात, आमचा तो माणूस तर फक्त ३ रुपये शेकडा घेतो, मग स्वस्त कोण? मी फळ्यावर काही लिहिलं नाही, नुसतं विचारलं, दहा हजाराला महिन्याला किती देता? ३००. वर्षाचे महिने किती? त्यांनी बोटांवर मोजलं, ३६००. आणि बँकेचे १२ टक्के वर्षाचे असतात मावशी, म्हणजे पूर्ण वर्ष सगळी रक्कम अंगावर राहिली तरी १२००. हॉल एकदम शांत झाला. त्या दिवशी गुणाकाराचा सराव कुणाला द्यावा लागला नाही, प्रत्येक जण आपापलं व्याज मांडत बसला होता. एका बाईने तर मागच्या भिशीचाही हिशोब काढला आणि मग तिचं आणि शेजारणीचं जे काही झालं ते मी इथे लिहीत नाही.

अंकांची एक गंमत लक्षात ठेवा, नवीन शिक्षकाला ती कळत नाही. बेचाळीस म्हणताना आपण आधी दोन म्हणतो मग चाळीस, त्यामुळे ऐकून लिहिणारी माणसं २४ लिहून मोकळी होतात. ही ढिलाई नव्हे, भाषेचाच तिढा आहे. मी त्यांना आधी चाळीसचं घर लिहायला सांगते, मग बे. घरी नातवाच्या पुस्तकात चाळीस दोन असंही असतं, २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ते आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण माझ्या आज्यांना ते फार आवडलं. आणि फोनवर आकडे इंग्रजी असतात, लहानपणी ज्यांनी जे काही गिरवलंय ते मराठी. दोन्हींची जोडी लावून एक पट्टी भिंतीवर चिकटवा, चर्चा नको.

तिसरी पायरी: वेळापत्रक त्यांच्या दिवसाला बसवा

फुले दांपत्याने १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि कामगारांसाठी रात्रशाळा काढली, कारण दिवसा ही माणसं राबत असतात, आणि पावणेदोनशे वर्षांनी आपण सकाळी अकराची बॅच ठेवून विचारतो की लोक का येत नाहीत. आपल्याच ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी साडी हा त्यांचा गणवेश, ती भरते दुपारी, घरची आणि शेतातली कामं उरकल्यावर. वेळ आधी, धडा नंतर.

नवी मुंबईत तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. भाजी मार्केटला कामाला जाणारे मध्यरात्रीनंतर बाहेर पडतात, त्यांना साडेसातचा वर्ग म्हणजे झोपेतून ओढून आणणं, त्यांच्यासाठी आम्ही शनिवारी दुपारची वेगळी बैठक ठेवली. रबाळे-महापेच्या कंपन्यांतले लोक आठवड्याने शिफ्ट बदलतात, म्हणजे एक आठवडा दिसतात, एक आठवडा गायब. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायका येणार नाहीत. गौरी-गणपतीला अर्धा वर्ग गावी, आणि एप्रिल-मेमध्ये यात्रा सुरू झाल्या की साताऱ्याकडचे दिसणारच नाहीत. त्याची हजेरी धरून बसू नका.

उपाय एकच, प्रत्येक दिवसाचा धडा डब्यासारखा पूर्ण हवा. आज आलेल्या माणसाला आजच्या डब्यात पोळी, भाजी, भात सगळं मिळालं पाहिजे, कालची आमटी आज आणि आजचा भात उद्या असं नाही. म्हणजे "बँकेची पैसे भरण्याची स्लिप" हा एक दिवस, "मेसेज खरा की खोटा" हा एक दिवस, "शेकडा" हा एक दिवस. चार दिवस गाडी बुडाली तरी पाचव्या दिवशी चढता येतं. मी पूर्वी भाग एक, भाग दोन असं करायचे, तर भाग दोनला निम्मे लोक असे असायचे ज्यांनी भाग एक बघितलाच नव्हता, ते पंधरा मिनिटं टुकूटुकू बघायचे आणि परत यायचे नाहीत.

उशिरा आलेल्याला काही विचारू नका. ट्रेन, पाणी येण्याची वेळ, सासू, काहीही असेल. दाराजवळच्या दोन खुर्च्या कायम रिकाम्या ठेवा म्हणजे त्याला सगळ्यांच्या मधून जावं लागत नाही.

चौथी पायरी: डोळे, कान, गुडघे आणि बोटं

याला कुणी लर्निंग नीड म्हणत नाही पण माझ्या मते निम्म्या अडचणी इथे आहेत. आपल्याकडे वाचायच्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, एवढं सगळ्यांना माहीत असून आपण चाळिशीपुढच्या लोकांना बारा पॉइंटच्या बारीक अक्षरातल्या झेरॉक्स वाटतो. अठराच्या खाली जाऊ नका. फळ्यावर हिरव्या मार्करने लिहू नका, मागून दिसत नाही, काळा वापरा. महापालिकेच्या शाळेचा वर्ग मिळाला तर तिथले बाक पोरांच्या मापाचे असतात, साठीच्या बाईचे गुडघे त्यात अडकतात आणि ती ते सांगत नाही, पुढच्या वेळी येतच नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने आणा. मशीनवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांना कमी ऐकू येतं, बोलताना फळ्याकडे तोंड करू नका.

फोन शिकवणाऱ्यांनी हे नीट वाचा. पहिलं काम, प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करून द्या आणि फोनची भाषा मराठी हवी की इंग्रजी ते विचारा. विचारा म्हणजे विचाराच, कारण बऱ्याच जणांना इंग्रजीच हवी असते, शेजारच्याच्या फोनशी जुळते म्हणून.

दुसरं, कष्टाची बोटं. गोण्या उचलून, सिमेंट कालवून, भांडी घासून बोटांची कातडी जाड आणि कोरडी झालेली असते, स्क्रीनला ती पटकन कळत नाही. मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावून धरून ठेवलं की फोनला वाटतं याला काहीतरी वेगळं हवंय, चिन्ह हलायला लागतं, काढून टाकू का म्हणून विचारतं, आणि मग "मॅडम माझं व्हॉट्सअॅप उडालं". त्यांना "टॅप करा" म्हणून उपयोग नाही. आमच्या एका मावशींनीच दुसरीला सांगितलं, अगं कुंकवाचं बोट लावतो ना कपाळाला, तेवढंच टेकव आणि उचल. तेव्हापासून आमच्या वर्गात त्याला कुंकवाचं बोट म्हणतात, पुरुषही म्हणतात. ओला रुमाल जवळ ठेवा, बोट जरासं दमट केलं की काम होतं.

तिसरं, आणि हा आमचा एकमेव कडक नियम: शिकवणाऱ्याने हात मागे बांधून उभं राहायचं. दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. घरी मुलं-नातवंडं काय करतात, "आण इकडे" म्हणून फोन ओढतात, पाच सेकंदांत करून देतात, आणि आजीला काही कळत नाही. तुम्हीही तेच करणार असाल तर ती इतक्या लांब कशाला आली? तोंडाने सांगा, थांबा, चुकू द्या, परत येऊ द्या. पहिल्या आठवड्यात बॅक जायचं कसं एवढंच शिकवा, कारण परत येता येतं हे कळलं की भीती जाते. फार कठीण जातं हे, मला आजही हात शिवशिवतात.

पैसे पाठवायचा धडा एक रुपयाने करायचा, एकमेकांना. एक रुपया इकडून तिकडे, परत तिकडून इकडे, दहा वेळा. पिन टाकताना तुम्ही पाठ फिरवून उभं राहा, सगळ्यांना दिसेल असं, म्हणजे तेही पुढे दुसऱ्यासमोर पिन टाकणार नाहीत. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो, हे वाक्य इतक्या वेळा म्हणून घ्या की झोपेत विचारलं तरी सांगतील. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन, तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर.

पाचवी पायरी: विसरणार हे धरूनच चाला

"माझं डोकंच चालत नाही आता" हे रोज ऐकाल. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर पुसलं जातं, आणि तेव्हा तो काही म्हातारा नव्हता, पस्तिशीचा होता. हे मी वर्गात सांगते, लोकांना बरं वाटतं.

करायचं काय, तर रोज पहिली सात-आठ मिनिटं वही बंद. मागच्या वेळी काय केलं ते आठवून एकमेकांना सांगायचं, मी सांगणार नाही. मग तीच गोष्ट तीन-चार दिवसांनी परत, मग दोन आठवड्यांनी. वही उघडून परत वाचणं सोपं वाटतं आणि वाटतं की आलं, पण बंद वहीतून ओढून काढलेलं जास्त टिकतं. फक्त याला परीक्षा म्हणू नका, मार्क देऊ नका, लाल पेन तर घरीच ठेवा. आणि कौतुक करताना सांभाळून, फांगण्याच्या आज्यांना दप्तर आणि गणवेश शोभून दिसतो कारण सगळं गाव त्यात सामील आहे, आमच्याकडे एका उत्साही मुलाने माथाडी काकांच्या वहीत स्मायलीचं स्टिकर लावलं तर त्यांनी ते नखाने खरवडून काढलं. "हे बरोबर आहे, आणि हे कसं काढलंत ते जरा यांना सांगा" एवढं पुरतं.

एका खोलीत चार वर्ग कसे सांभाळायचे म्हणाल तर तिघातिघांचे गट करा, दोघांचे नको. दोघांत एक बॉस होतो. गटात एक जण दुसऱ्या कामातला हुशार हवा, म्हणजे रिक्षावाल्याला फोन चांगला येतो पण लिहिता येत नाही, शिलाईवाल्या ताईंचं उलटं, तिसरा नवीन. नवरा-बायको एका गटात कधीही नको, याचं कारण तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

काही जण सहा महिने होऊनही अक्षरं उलटीपालटी करतात, त/न, भ/म, बोलण्यात मात्र एकदम तरबेज. त्यांना शाळेतही ढ म्हणूनच हाकललेलं असतं. तुम्ही डॉक्टर नाही, नाव देऊ नका, पण लिहिण्याचा आग्रह कमी करा, फोनमध्ये बोलून टाइप करायची सोय दाखवा, मोठी अक्षरं, कमी ओळी, आणि वेळ.

दहावीवाल्यांचं थोडक्यात. त्यांना लगेच पुस्तक देऊ नका, आधी शाळा सोडल्याचा दाखला आहे का ते विचारा, तो गावच्या शाळेतून आणायला दोन-दोन खेपा होतात आणि १७ नंबरच्या फॉर्मची तारीख परीक्षेच्या खूप आधी संपते. ज्यांना हे झेपणार नाही त्यांना मुक्त विद्यालयाचा मार्ग समजावून सांगा. अभ्यासात पासापुरतं, शंभरात ३५, इतकं आधी हातात घ्या, पुढचं पुढे.

पिशवीत काय ठेवायचं

इंची टेप, काळे मार्कर, ओला रुमाल, ती दोनशेपानी वही, विजेची आणि गॅसची जुनी बिलं, बँकेच्या कोऱ्या स्लिपा, चार्जर दोन प्रकारचे. आणि वाचायचे स्वस्तातले चष्मे, दीड आणि दोन नंबरचे, स्टेशनबाहेर मिळतात. ते वर्ग सुरू व्हायच्या आधीच टेबलावर मांडून ठेवायचे, ज्याला हवा त्याने उचलावा. कुणी चष्मा राहिला म्हणालं म्हणून उचलून त्याच्या हातात नेऊन द्यायचा नाही.